'अप्रीती'पासून 'दिशाभूल'पर्यंत : भाषणनियंत्रक कायद्यातील शब्दार्थाची चिकित्सा

कायद्याची भाषा हा भाषाभ्यासकाचा प्रांत नव्हे, अशी समजूत आपल्या विद्यापीठीय वर्तुळांत बरीच रूढ आहे. कवितेतील शब्दाची चिकित्सा करावी, बोलींचे नमुने गोळा करावेत, शिलालेखांचे वाचन करावे. अधिनियमातील शब्द मात्र वकिलांच्या स्वाधीन करावेत, असा हा संकेत आहे. परंतु २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणी जो निर्णय दिला, तो वाचणाऱ्यास हा संकेत पाळता येणे कठीण आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ या निर्णयाने संपूर्णतः रद्द ठरविले, आणि त्याचे एक प्रमुख कारण असे की, त्या कलमातील शब्दांचा अर्थ निश्चित करता येत नाही. म्हणजे न्यायासनापुढील प्रश्न घटनाशास्त्राचा होता खरा, पण त्याचे एक मूळ अर्थविचारात रुजलेले होते. त्या मुळापर्यंत न्यायालय पोचले काय, आणि पोचले असल्यास तेथून निघणारे निष्कर्ष त्याने सर्वत्र सारखेच लागू केले काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम कलमाचा पाठ पाहावा. २००० सालच्या मूळ अधिनियमात हे कलम नव्हते. डिसेंबर २००८ मध्ये दुरुस्तीद्वारे ते संसदेत मंजूर झाले व ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. संगणक वा संदेशवहनाच्या साधनाद्वारे 'ग्रॉसली ऑफेन्सिव्ह' म्हणजे घोर आक्षेपार्ह, किंवा 'मेनेसिंग' म्हणजे धाक घालणारी माहिती पाठविणे हा पहिल्या पोटकलमाचा विषय. दुसऱ्यात, खोटी असल्याचे ठाऊक असूनही विशिष्ट हेतूने वारंवार पाठविलेली माहिती येते. हे हेतू दहा आहेत : त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, फौजदारी धाकदपटशा, वैर, द्वेष व दुर्भाव. तिसऱ्यात, त्रास वा गैरसोय व्हावी किंवा पत्त्याच्या धन्याची दिशाभूल व्हावी म्हणून पाठविलेले ई-पत्र. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

दुसऱ्या पोटकलमातील यादी ही वाक्यरचनेच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. समुच्चयाने जोडलेली पदे एकाच पंक्तीस बसतात, हा भाषेचा सामान्य नियम आहे. येथे गैरसोय आणि फौजदारी धाकदपटशा एका पंक्तीस बसलेले आहेत. कोणाचीही थोडी गैरसोय न करता बोलणे हे सभ्य समाजात अशक्यच म्हणावे लागेल. जीवे मारण्याची धमकी न देता बोलणे मात्र सर्वांस साधते. दोन्हींना एकच दंड सांगणारा पाठ लिहिणाराच्या मनात शब्दांची प्रतवारी नव्हती, असे म्हणणे प्राप्त आहे.

खरा दोष याहून खोल आहे. मराठीत 'त्याने मला शिवी दिली' आणि 'मला राग आला' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यात कर्ता आहे, क्रिया आहे, ती क्रिया साक्षीपुराव्याने सिद्ध करता येते. दुसऱ्या वाक्यात राग हाच व्याकरणदृष्ट्या कर्ता. ज्यास तो आला तो चतुर्थीत. आणि ज्याच्यामुळे तो आला तो मनुष्य वाक्यात कोठेच नाही. चीड येते, त्रास होतो, वाईट वाटते, मन दुखावते : मराठीने, आणि तिच्या भगिनी भाषांनीही, या साऱ्या अनुभवांची रचना अशीच केली आहे. ही भाषेची लहर नव्हे. भावना ही अनुभवणाऱ्याच्या ठायी घडते, ती दुसऱ्याने केलेली कृती नव्हे, हे जाणणारी ही रचना आहे. कलम ६६-अ ने नेमके उलट केले. त्याने चतुर्थीतील माणसाच्या भावनेवरून प्रथमेतील माणसाचा अपराध ठरविला. बोलणाराने काय केले याचे वर्णन न करता ऐकणारास काय वाटेल यावरून गुन्ह्याची व्याख्या केली, की ती व्याख्या ऐकणाराच्या मनात जाऊन बसते. आणि कोट्यवधी ऐकणारांपैकी कोणाच्या मनात, हे तक्रार नोंदविणारा ठरवितो.

याचा प्रत्यय महाराष्ट्रास नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईचे व्यवहार बंद राहिले. त्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि दुसरीने त्यावर पसंतीची खूण केली. दोघींनाही अटक झाली. पुढे प्रकरण मागे पडले, तरी त्या अटकेतूनच सर्वोच्च न्यायालयातील याचिकेचा उगम झाला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकास मुख्यमंत्र्यांविषयीचे एक व्यंगचित्र ई-पत्राने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली होती. त्यांची न्यायालयातून मुक्तता होण्यास जानेवारी २०२३ उजाडावे लागले. व्यंगचित्र हे व्यंजनेने बोलते, अभिधेने नव्हे. अभिधेखेरीज दुसरी शब्दशक्ती न मानणाऱ्या वाचकाच्या हाती ते पडले, तर उपहासाचे धमकीत रूपांतर व्हावयास वेळ लागत नाही.

कायद्याच्या शब्दावरून असा वाद होणे हे आपल्याकडे नवीन नाही. १८७० साली भारतीय दंडसंहितेत कलम १२४-अ घालण्यात आले. त्यातील कळीचा शब्द 'डिसअफेक्शन'; कायद्याच्या मराठीत त्यास 'अप्रीती' म्हणतात. १८९१ साली 'बंगबासी' पत्रावरील खटल्यात कलकत्त्याचे मुख्य न्यायमूर्ती पेथरम यांनी याचा अर्थ प्रीतीच्या विरुद्ध भावना, म्हणजे तिटकारा वा द्वेष, असा सांगितला. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले की, डिसअफेक्शन म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. आणि त्यात द्वेष, वैर, तिरस्कार इत्यादी दुर्भावाचे सर्व प्रकार समाविष्ट आहेत. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी व तीन हिंदी सभासदांनी निर्दोष असे मत दिले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

संस्कृत व्याकरणाशी परिचय असणारास हा वाद ओळखीचा वाटेल. 'नञ्'चे सहा अर्थ वैयाकरणांनी मानले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य व विरोध. 'अपाप' म्हणजे पाप नसणे, येथे अभाव. 'अधर्म' म्हणजे धर्म नसणे एवढेच नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध वर्तन, येथे विरोध. 'अनुदरा कन्या' म्हणजे पोटच नसलेली नव्हे, तर कृशोदरी, येथे अल्पता. तेव्हा 'अप्रीती' ही 'अपाप'च्या वर्गातील की 'अधर्म'च्या? पेथरम यांनी विरोध घेतला, स्ट्रॅची यांनी अभाव घेतला. त्याच १८९७ साली सातारा जिल्ह्यातील 'प्रतोद' पत्राच्या खटल्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, अप्रीती हा प्रीतीचा नुसता अभाव नव्हे, तर राजनिष्ठेच्या विरुद्ध जाणारी प्रत्यक्ष तिटकाऱ्याची भावना होय, असे मत नोंदविले. एकाच शहरातील एकाच उच्च न्यायालयात, काही आठवड्यांच्या अंतराने, एका उपसर्गाचे दोन अर्थ झाले. अभाव हा अर्थ घेतला, तर सरकारविषयी उदासीन असणारा शेतकरीही अपराधी ठरतो, हे रानडे यांच्या मार्मिक दृष्टीस दिसले असावे. पुढे १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात महात्मा गांधींनी अपराध कबूल करून, प्रीती कायद्याने उत्पन्न करता येत नाही, असे न्यायालयास बजावले. म्हणजे हा शब्द कायद्यात शोभतच नाही, हे आरोपीनेच न्यायाधीशास सांगितले. ('असहकार' या शब्दातील नञ् अभावाचा की विरोधाचा, हे त्या काळी कोणी विचारले नाही. तो अर्थ लोकांनी रस्त्यावर येऊन निश्चित केला होता.)

१९०८ च्या खटल्यात अडचण आणखी वाढली. 'केसरी'तील लेख मराठी, त्यांवरून शिक्षा ठरविणारी ज्यूरी सात युरोपियन व दोन पारशी सभासदांची. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडताना सरकारी भाषांतरावर भर देऊन आक्षेप घेतले, भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि ज्यांना मराठी येत नाही त्यांनी मराठी लेखाची ध्वनितार्थासह पारख कशी करावी, असा मुद्दा उपस्थित केला. सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. भाषांतराने अर्थ बदलतो याची आठवण महाराष्ट्रास अलीकडेही झाली. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. त्यावरील जनहितार्थ याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये काही मार्गदर्शक निर्देश नोंदविले. ऑगस्टमध्ये राज्य शासनाने ते पोलिसांसाठी मराठी परिपत्रकात उतरविले, तेव्हा परिपत्रकाची शब्दयोजना इंग्रजी निर्देशांहून व्यापक झाल्याचा आक्षेप निघाला. न्यायालयाने अंमलबजावणी थांबविली व त्याच वर्षी शासनाने परिपत्रक मागे घेतले. १९०८ मध्ये मराठीचे इंग्रजी करताना जे घडले असे टिळकांचे म्हणणे होते, ते १०७ वर्षांनी इंग्रजीचे मराठी करताना घडल्याची ही तक्रार होती.

'अप्रीती' आणि 'त्रास' यांतील भेद मात्र नीट ध्यानी घेतला पाहिजे. अप्रीतीच्या बाबतीत प्रश्न अनेकार्थतेचा होता. शब्दाचे दोन अर्थ संभवतात. त्यांतील एक निवडला की संदेह संपतो. १९६२ साली केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच केले. हिंसा वा सार्वजनिक अव्यवस्था निर्माण करण्याची प्रवृत्ती असेल तरच कलम लागू, असा अर्थसंकोच करून त्याने कलम टिकविले. 'त्रास' वा 'गैरसोय' यांच्या बाबतीत दोष अनेकार्थतेचा नसून धूसरतेचा आहे. येथे दोन अर्थ नाहीत. एकच अर्थ आहे, पण त्यास कड नाही. किती त्रास म्हणजे त्रास, याचे उत्तर कोणताही कोश देऊ शकत नाही. अनेकार्थी शब्दाचा न्यायाधीशास अर्थसंकोच करता येतो. धूसर शब्दास संकोचावयाचे कोठवर, हे ठरविण्यास त्याच्या हाती काहीच नसते. तो स्वतःच नवा कायदा लिहू लागतो.

न्यायमूर्ती नरिमन यांनी लिहिलेल्या निर्णयपत्रात हा भेद या परिभाषेत नाही, पण त्याचे मर्म आहे. कलमातील शब्द ब्रिटनच्या १९३५ च्या टपालविषयक कायद्यापर्यंत मागे जातात, हे त्यांनी दाखविले. तो कायदा दूरध्वनी व तारेचा, म्हणजे एकाने एकास पाठविलेल्या संदेशाचा होता. तीच पदावली २००३ च्या संदेशवहन कायद्यात उतरली, जेथे शिक्षा सहा महिन्यांपर्यंतच आहे. एका ऐकणारासाठी शिवलेला अंगरखा असंख्य ऐकणारांच्या अंगावर चढविण्यात आला आणि शिक्षाही सहापट झाली. याहून मार्मिक आहे तो ब्रिटिश खटल्यांचा उपयोग. एका मनुष्याने आपल्या खासदाराच्या कार्यालयात दूरध्वनीवरून वंशद्वेषी शब्द वापरले. ते शब्द घोर आक्षेपार्ह नाहीत असे खालच्या न्यायालयांना वाटले; २००६ मध्ये लॉर्डांच्या सभागृहास ते तसे वाटले. २०१० मध्ये हिमवर्षावाने विमानतळ बंद पडल्यावर एका प्रवाशाने ट्विटरवर तो उडवून देण्याची विनोदाने भाषा केली. दोन न्यायालयांनी ती धाक घालणारी मानली, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तो आरोप फेटाळला. तीच उक्ती, तेच शब्द, तोच कायदा. आणि विधिज्ञांचीच मते परस्परविरुद्ध. अशा शब्दावरून सामान्य नागरिकाने बोलण्यापूर्वी आपली मर्यादा कशी ओळखावी, हा न्यायालयाचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही, असे आश्वासन सरकारपक्षाने दिले; ते न्यायालयाने स्वीकारले नाही, कारण आश्वासन देणारी सरकारे जातात, कलम राहते.

निर्णयाचा दुसरा गाभा म्हणजे चर्चा, पुरस्कार व चिथावणी या तीन पायऱ्यांचा भेद. ज्यास जे. एल. ऑस्टिन यांचा वचनकृत्यांचा सिद्धांत ठाऊक आहे त्यास या भेदाचे मोल तत्काळ कळेल. चर्चा करणे, पुरस्कार करणे, चिथावणे ही बोलण्यातून केली जाणारी कृत्ये आहेत. राग येणे, वाईट वाटणे हे बोलण्याचे परिणाम आहेत. घटनेच्या अनुच्छेद १९(२) मधील निर्बंध चिथावणीच्या पायरीस पोचल्यावरच लागू होतात, असे म्हणून न्यायालयाने परिणामाकडून कृत्याकडे, चतुर्थीकडून प्रथमेकडे पाऊल टाकले. ही दिशा बिनतोड आहे.

यावर असा आक्षेप येईल की, आंतरजालावर स्त्रियांना येणाऱ्या धमक्या, पाठलाग, छळ या काही कल्पित गोष्टी नव्हेत. त्यांना आवर घालणारा शब्द हवाच. आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तरही कायद्यातच सापडते. २०१३ साली दंडसंहितेत घातलेले पाठलागाचे कलम ३५४-ड, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे, ते पाहावे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवूनही वारंवार संपर्क साधणे, तिच्या आंतरजालाच्या वापरावर पाळत ठेवणे अशा क्रियापदांनी त्याची व्याख्या केली आहे. पीडितेचे दुःख त्यात नाकारलेले नाही. अपराध मात्र पाठलाग करणाराच्या कृतीने मोजला आहे. ज्यास असे कलम लिहिता येते, त्यास कलम ६६-अ लिहिण्याची गरज नव्हती.

मग न्यायालयाचे हेच तारतम्य पुढे का टिकले नाही? याच निर्णयात कलम ६९-अ, म्हणजे आंतरजालावरील मजकूर बंद करण्याचा शासनाचा अधिकार, वैध ठरविण्यात आला. कारणे लेखी नोंदविली जातात, ती पुढे न्यायालयात तपासता येतात, हा त्याचा एक आधार. परंतु २००९ च्या नियमांतील सोळावा नियम तक्रारी व त्यांवरील कारवाई यांविषयी कडक गुप्तता सांगतो. ज्याचा मजकूर बंद झाला त्याच्या हाती कारणांचा पाठ पडत नसेल, तर त्या कारणांतील शब्दांची चिकित्सा कोणी करावी? कलम ६६-अ चा दोष उघडकीस आला, कारण त्याचा पाठ छापील होता. पाठच गुप्त असला की सर्वांत वाईट शब्दही निर्दोष राहतो. निर्णयपत्रातील हा भाग त्याच्या पूर्वार्धाच्या तुलनेने दुबळा आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात काश्मीरमधील आंतरजालबंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत असे याच न्यायालयाने सांगितले, तेव्हा एका वेगळ्या क्षेत्रात का होईना, ही उणीव मान्य झाली.

धूसर शब्दांचा मोह शासनास सुटलेला नाही. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची जी माहिती 'फेक', 'फॉल्स' वा 'मिसलीडिंग' आहे असे सरकारचाच तथ्यतपासणी विभाग ठरवील, ती दूर करण्याचे ओझे मध्यस्थ कंपन्यांवर टाकण्यात आले. ही तीन विशेषणे अव्ययाने जोडली असली तरी एका जातीची नाहीत. 'बनावट' हे विशेषण वस्तूच्या उगमाविषयी बोलते. 'असत्य' हे विधान व वस्तुस्थिती यांच्या संबंधाविषयी. 'दिशाभूल करणारी' हे पुन्हा ऐकणाराच्या मनाविषयी. खरे विधान दिशाभूल करू शकते. बनावट चित्र सत्य सांगू शकते. आणि उपहास तर असत्य बोलूनच सत्य सांगतो. विनोदकार कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नियम घटनाबाह्य ठरविला, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध ठरविला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी पटेल यांच्या मताशी सहमती दर्शविल्याने नियम रद्द झाला; ही पदे संदिग्ध व अतिव्यापक आहेत, हे त्यांच्याही मताचे एक अंग होते. आक्षेपार्ह शब्दांविषयी ब्रिटनमध्ये जसा मतभेद झाला, तसाच हा एकाच आसनावरील दोन विद्वान न्यायाधीशांचा मतभेद.

दरम्यान, कलम १२४-अ चा अंमल ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नावाने उरले नाही. 'अप्रीती' हा शब्द गेला. त्या जागेच्या कलम १५२ मध्ये 'विध्वंसक कारवाया' आणि 'फुटीर कारवायांच्या भावना' ही पदे आली आहेत, साधनांत इलेक्ट्रॉनिक संदेशवहनाची भर पडली आहे, व जन्मठेपेखालची पर्यायी शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत वाढली आहे. 'विध्वंसक' याची व्याख्या कलमात नाही. 'भावना' हा शब्द तर १८९७ मधील सारा वाद बरोबर घेऊनच आलेला आहे.

कलम ६६-अ चे पुढे काय झाले, हेही नोंदविले पाहिजे. ते रद्द झाल्यावरही अनेक राज्यांत पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवीत राहिले. जुलै २०२१ मध्ये ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा महान्यायवादींनी तिचे एक कारण सांगितले : अधिनियमाच्या छापील प्रतीत कलमाचा मजकूर जसाच्या तसा असतो, आणि ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत. पोलीस ठाण्यातील अधिकारी तळटीप वाचत नाही. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असा आदेश दिला, आणि त्यात हेही घातले की, यापुढे जेथे जेथे हे कलम छापले जाईल तेथे ते घटनाबाह्य ठरल्याचे वाचकास पुरेशा स्पष्टपणे कळविले पाहिजे.